गावाच्या आराखड्यात हवामान बदल कसा बसवायचा: एका माजी मेंबरचा अनुभव

पहिली गोष्ट, "हवामान बदल" हा शब्द ग्रामसभेत काढायचा नाही. मी काढला होता, २०२२ च्या १ मे च्या सभेला, चांगला कागदावर लिहून नेला होता, आणि वाक्य संपायच्या आत मागनं आवाज आला, "मेंबर, आधी गटारीचं बघा की!" सगळी सभा हसली, मीपण हसलो, विषय तिथंच संपला. करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव आहे आमचं, नाव सांगत नाही कारण निम्मं गाव पावणंच लागतं. जानेवारी २०२१ ला निवडून आलो आणि जुलैत महापूर, म्हणजे पदाचे पहिले सहा महिने खुर्ची कशी असते ते कळायच्या आत कंबरेएवढ्या पाण्यात. तेव्हापासनं पाच वर्षात जे कळलं ते हे, की धोरण बिरण मुंबईला नाहीतर दिल्लीला ठरत असेल, पण खाली गावात धोरण म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखड्यातली, म्हणजे गावाच्या वर्षाच्या कामांच्या यादीतली, एक ओळ. त्या ओळीसमोर कामाचं नाव, रक्कम आणि पैसा कुठल्या निधीतनं हे तिन्ही लिहिलेलं पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर ठराव कितीबी गोड लिहा, तो प्रोसिडिंग बुकात झोपतो.

त्यामुळं हे खालचं सगळं ती ओळ कशी घालायची याबद्दल आहे. पृथ्वी कशी वाचवायची ते मला माहीत नाही.

कुणाच्या हातात काय आहे ते आधी समजून घ्या, नाहीतर भलत्या दारात उभं राहून दोन वर्षं जातात. आपल्याकडं कुठल्याबी मिसळीच्या गाड्यावर बसा, पुराचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कर्नाटकातलं अलमट्टी धरण येतंच. उंची ५१९.६० मीटर का ५२४, कर्नाटकानं दारं कधी उघडली, आपल्या राधानगरी धरणाची स्वयंचलित दारं किती उघडली. विषय महत्त्वाचा आहे, नाही म्हणत नाही, पण तुमच्या ग्रामपंचायतीचा ठराव अलमट्टीचं एक दारसुद्धा उघडू शकत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात पिण्याचं पाणी, दिवाबत्ती, कचरा, सांडपाणी, गावातली झाडं, आणि शाळा-अंगणवाडी-समाजमंदिर कुठं बांधायचं ती जागा, एवढंच. पूर आल्यावरचं नियोजन कलेक्टर ऑफिसकडं. मोठा पैसा जिल्हा नियोजन समितीकडं. आणि खरं सांगू का, हातात आहे तेवढं जरी नीट केलं तरी लई होतं.

पहिलं काम: पुराची वही

शंभर पानी वही घ्या. लॅपटॉप नको, वही, कारण ती सभेत फिरवता येते आणि लोक त्यात बोट ठेवून "हे चुकलंय, पाणी इथवर न्हवतं, त्या पिंपळापर्यंत होतं" असं भांडतात. ते भांडणच पाहिजे असतं आपल्याला.

वहीत दोन रकाने. डावीकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी फुटात, उजवीकडं तेव्हा आपल्या गावात पाणी कुठं होतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या वर. पण "४३ फूट" म्हणजे आपल्या गल्लीत काय, हे कुठंच लिहिलेलं नसतं. ते फक्त लोकांच्या डोक्यात असतं. आमच्या वहीत आता असं आहे: ३९ ला स्मशानभूमीचा रस्ता, ४३ ला खालच्या आळीची म्हशींची शेडं, ४६ ला शाळेची दुसरी पायरी, ४८ ला दूध डेअरीचा काटा, ५० ला पाणीपुरवठ्याचा पॅनेल बोर्ड. तुमच्या गावाचे आकडे वेगळे येणार, आमचे उचलू नका.

ही माहिती कुणाकडं मिळते? मी आधी म्हाताऱ्या माणसांकडं गेलो, त्यांना २००५ चा पूर नीट आठवतो पण फूट-इंच नाही. सगळ्यात पक्की माहिती दूध डेअरीवाल्याकडं निघाली, कारण संकलन कुठल्या दिवशी बंद पडलं हे त्याच्या रजिस्टरला असतं, त्या तारखेची पाणीपातळी पेपरात मिळते, दोन्ही जोडलं की झालं काम. दुसरी बायकांकडं. माझी आई म्हणाली, "पाणी चुलीच्या कोनाड्याला लागलं त्या दिवशी बेंदराची बैलं भिजली बघ," मातीची बैलं हो, ठेवणीतली, कोनाड्यातच असतात. तर असल्या खुणा. पट्टी घेऊन जायचं, मोजायचं, भिंतीवर ऑईलपेंटनं रेघ मारायची आणि साल लिहायचं. शाळेच्या भिंतीवर, डेअरीवर, जॅकवेलवर (नदीकाठची पाणी उपसायची विहीर). त्या रेघेसमोर उभं राहून बोललं की "गटारीचं बघा" म्हणणारा गप्प बसतो.

आणि कुणी विचारलंच की पूर पहिल्यापासनं येतोय त्यात नवीन काय, तर थोडक्यात सांगायचं: हवा १ अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलंय की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीनं वाढला. पण त्याच दमात हेपण सांगायचं की सगळा दोष आभाळाचा नाही, नदीपात्रातले भराव आणि ओढ्यावरची बांधकामं आपलीच आहेत. हे दुसरं सांगितलं नाही तर लोक पहिलंपण मानत नाहीत.

पैसा कुठला

इथं नीट लक्ष द्या, निम्मे लोक इथंच हरतात.

गावाला १५ व्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) पैसा आला त्याचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. अबंधितवर सगळ्यांचा डोळा, त्यात काँक्रिटचे रस्ते, पेव्हिंग ब्लॉक, कमान. तिथं हवामानाचं काम घेऊन गेलात तर वाॅर्डावाॅर्डाशी भांडण. बंधित मात्र कुणाला नको असतो, कारण तो फक्त पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यावर अर्धा आणि स्वच्छता, सांडपाणी, कचरा यावर अर्धा असाच खर्च करायचा असतो. आता बघा, पुरात बुडणारी पाणी योजना सुधारणं हे पिण्याच्या पाण्यातच बसतं की नाही? शोषखड्डे, सांडपाण्याचा निचरा, ओल्या कचऱ्याचं खत, सगळं बसतं. म्हणजे हवामानाचा पैसा वेगळा शोधायचाच नाही, तो बंधितमध्ये आपली वाट बघत पडलेला असतो. २०२६-२७ पासनं १६ व्या आयोगाचा हिशोब, त्यामुळं बंधित-अबंधितचा नवीन जीआर काय आलाय ते भाऊसाहेबांना विचारून मगच आकडे मांडा.

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण हाक तीच. आमच्या भाऊसाहेबांशी माझं झालेलं बोलणं साधारण असं:

"भाऊसाहेब, जॅकवेलचा पॅनेल वर घ्यायचाय."
"निधी नाही."
"बंधितमध्ये किती शिल्लक आहे?"
"...बघायला लागंल."
"बघा की, मी बसतो."

बसायचं. चहा येतो, जातो, लोक दाखले घेऊन जातात, आपण बसायचं. दीड तासानं ई-ग्रामस्वराज, म्हणजे पंचायतीच्या हिशोबाचं सरकारी पोर्टल, उघडलं आणि शिल्लक निघाली. माणूस वाईट नाही, दोन गावांचा चार्ज एकट्याकडं, रोज नवीन ॲप. त्याच्यावर चिडून काय होत नाही, त्याचं काम सोपं करून दिलं की तो आपल्या बाजूनं येतो. मी अंदाजपत्रकासाठी फोटो, मापं, जागेचा उतारा सगळं एका पिशवीतनं नेऊन दिलं होतं.

पॅनेलचंच का घेतलं तेपण सांगतो. २०१९ ला आणि २०२१ ला कोल्हापूर शहरातसुद्धा शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं बुडाली आणि चहूबाजूंनी पाणी असताना लोक टँकरच्या लाईनीत. आमच्याकडं तेच, फक्त टँकरपण नाही कारण रस्ता बंद. नऊ दिवस. मोटर बुडाली तर वाळवून, वाईंडिंग करून चालते, पण पॅनेल बोर्ड, स्टार्टर, केबलचे जोड एकदा गढूळ पाण्यात गेले की गेले. उपाय काय, तर लोखंडी चॅनेलचा मचाण करून पॅनेल पुराच्या रेघेच्या तीन फूट वर, केबल वरनं, आणि जनरेटर जोडायला चेंजओव्हर. रॉकेट सायन्स नाही. पण हे काम कुणाच्या यादीत नव्हतं, कारण पूर ओसरल्यावर सगळे पंचनाम्यात आणि पंचनामा झाल्यावर सगळे विसरले.

ग्रामसभा

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आपल्याकडं रिवाजानं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. कोरम नाही झाला तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते, म्हणून काही गावं पहिली सभा मुद्दाम पडू देतात हे उघड गुपित आहे. यात आपल्याला महत्त्वाची २ ऑक्टोबरची, कारण पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी त्या सुमाराला सुरू होते. मी तारखा बंधाऱ्यावरनं लक्षात ठेवतो. पावसाळा सरून नदीच्या केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायची गडबड सुरू झाली की आराखड्यात काम घालायचं, बरगे काढायची वेळ आली की पुराची तयारी तपासायची. मार्चमध्ये जाऊन "आमचं काम घ्या" म्हणणारे दरवर्षी दोनचार भेटतात, त्यांना पुरवणी आराखड्याचं गाजर मिळतं.

सभेआधी महिला सभा होते, कायद्यानंच आहे ती, आणि तिथं विषय आधी मांडून घ्या. पुरात पाणी कुणी डोक्यावरनं आणलं, बायकांनीच ना. आमच्याकडं पॅनेलचा विषय मी मांडलाच नाही, बचत गटाच्या काकींनी मांडला, आणि काकी उठल्यावर सरपंचांपासनं शिपायापर्यंत कुणाची छाती झाली नाही मधे बोलायची. सरपंच वहिनी स्वतःच म्हणाल्या, "घ्या लिहून."

ठरावाची भाषा मात्र ऑफिसचीच पाहिजे. भावनेची एक ओळ नाही. आमचा हा असा होता, हवा तर उतरवून घ्या:

"सन २०२१ चे महापुरात गावचे नळ पाणीपुरवठा योजनेचा पॅनेल बोर्ड पाण्याखाली जाऊन गावचा पाणीपुरवठा ९ दिवस बंद राहिला. सबब सदर पॅनेल बोर्ड पूरपातळीचे वर ३ फूट उंचीवर बसविणेचे काम पुढील वर्षाचे ग्रामपंचायत विकास आराखड्यात १५ वा वित्त आयोग बंधित निधीमधून घेणेत यावे असे सर्वानुमते ठरले. सूचक, अनुमोदक."

बघा, यात हवामान कुठंच नाही. पण आराखड्याच्या फॉर्ममध्ये नऊ संकल्पना असतात, त्यात "जलसमृद्ध गाव" आणि "स्वच्छ व हरित गाव" या दोन आहेत, काम त्यांच्याखाली दाखवायचं. वरचे लोक ते वाचून खूष, गाव पाणी मिळालं म्हणून खूष. ठरावाची नक्कल सहीशिक्क्यासकट त्याच आठवड्यात घ्या. प्रोसिडिंग नंतर लिहिलं जातं आणि नंतर लिहिताना विषय गळतात, मुद्दाम असं नाही, हस्ताक्षरच तसलं असतं.

ठरावानंतर पंचायत समितीच्या इंजिनिअरकडनं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता. इथं एकच सल्ला, साईटवर स्वतः उभं राहून ती ऑईलपेंटची रेघ दाखवा. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात मचाण रेघेच्या दीड फूट खाली काढला होता, कारण ज्यानं मोजलं तो जूनच्या कोरड्या नदीकडं बघून मोजून गेला. दोन महिने गेले ते दुरुस्त करण्यात.

दिवाबत्ती, म्हणजे सोपं गणित

कार्बन कमी करणं वगैरे जे म्हणतात ते गावात वीजबिलातनं येतं. समजा गावात १८० दिवे आहेत, जुने सोडियमचे, चोकसकट ८० वॅटचे, आणि ते २४ वॅटचे एलईडी केले. एका दिव्यामागं ५६ वॅट वाचले. १८० दिव्यांचे १० किलोवॅट. रात्रीचे ११ तास धरले तर वर्षाला साधारण ४० हजार युनिट. एका युनिटमागं विजेचा धूर देशाच्या सरासरीनं ०.७ किलो धरला तर २८ टन कार्बन डायऑक्साइड. सभेत २८ टन बोलू नका, ४० हजार युनिट बोला, आणि त्याचं बिल किती ते भाऊसाहेबांकडनं काढून घेऊन बोला.

आता बऱ्याच गावात एलईडी होऊन गेलेत, मग करायचं काय, तर दिवसा जळणारे दिवे बघा. सकाळी दहाला पण पोलवर दिवा चालू, हे दृश्य आपल्याकडं नवीन नाही. तेच १८० दिवे रोज एक तास जास्त चालले तर वर्षाला दीड हजार युनिट फुकट. टायमरची पेटी बसवणं एका दिवसाचं काम, पण मग शिपायाचं "मी बंद करतो की" हे ऐकून घ्यायचं नाही.

सोलरबद्दल घाईनं सांगतो. घरावर पीएम सूर्यघरमध्ये १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, सदस्यांना घेऊन एकदा जाऊन या, डोळ्यानं बघितलेलं लोकांना पटतं. पाणीपुरवठ्याची १० एचपीची मोटर रोज सहा तास चालली तर वर्षाला १६ हजार युनिट जातात, तेवढ्याला ११-१२ किलोवॅटचं सोलर लागतं, फक्त जुलै-ऑगस्टला आपल्याकडं सूर्य सुट्टीवर असतो हे धरून नेट मीटरिंगशिवाय (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करणं) करू नका. आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावात सौर प्रकल्प आला की ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात, खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. पण त्यासाठी गायरान द्यायचं म्हणलं की सावध रहा. गायरान रिकामं दिसतं, असतं नाही, कुणाच्या शेळ्या चरतात, कुणी शेणी थापतं. त्या माणसांना ग्रामसभेत आधी विचारा, नाहीतर चांगल्या कामाचा पहिला फटका गावातल्या सगळ्यात गरीब घराला.

बिनपैशाचं धोरण

सगळ्यात मोठं काम फुकट होतं हे मला चौथ्या वर्षी कळलं. नवीन अंगणवाडी मंजूर झाली, जागा ठरत होती, सगळ्यांनी बोट दाखवलं ओढ्याशेजारच्या मोकळ्या जागेकडं, कारण वाद नाही, मोजणी नाही. वही काढली. ४७ फुटाला तिथं पाणी. अंगणवाडी वरच्या अंगाला गेली, बास. एक रुपया लागला नाही, आणि पुढची चाळीस वर्षं पोरं कोरड्यात.

पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते, निळी म्हणजे साधारण २५ वर्षातनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षातनं एकदाची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हीच्या मधे अटी. तो नकाशा मागून घ्या, वहीतल्या खुणांशी ताडून बघा आणि एक कायमचा ठराव करून टाका की सार्वजनिक इमारतीची जागा ठरवताना २०२१ ची रेघ वाचून दाखवल्याशिवाय ना हरकत नाही. असल्या ठरावाला कुणी विरोध करत नाही कारण आज कुणाचं काय जात नाही.

झाडं, पाचट आणि इतर

वृक्षारोपणाचं मी फार बोलत नाही, दरवर्षी ५ जूनला त्याच खड्ड्यात नवीन रोप आणि तोच फोटो. फक्त एक विचारायचं, मार्चमध्ये पाणी कोण घालणार, नाव सांगा. नाव आलं तर झाड लावा. नदीकाठाला उंबर, करंज, जांभूळ, बांबू लावा, गुलमोहर नको.

उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, मात्र आपलं दुखणं आहे. तोड झाली की रात्री शिवारभर जाळ, सकाळी अंगणात काळी पिसं. "पाचट जाळू नये" असा ठराव आम्ही केला आणि त्याच आठवड्यात ठराव मांडणाऱ्याच्याच भावकीत पेटलं. ठरावानं नाही होत, शेजाऱ्याचा ऊस बघून होतं. एका टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, एकाआड एक सरीत दाबून पाणी द्यायचं. दोन एकराचा प्लॉट रस्त्याकडेला घ्या, आत कुठं तरी नको, येणारा जाणारा बघतो. यात ग्रामपंचायतीपेक्षा विकास सोसायटी आणि कारखान्याचा शेती विभाग जास्त कामाचा, संवर्धक तिकडनंच मिळवा.

राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात (२ ऑक्टोबर २०२० पासनं चालू आहे) भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर मार्क मिळतात. भाग घ्या, बक्षिसाची रक्कम चांगली असते, पण मार्कासाठी कामं करू नका, केलेल्या कामांचे फोटो मार्कासाठी वापरा. आमच्याकडं एका वर्षी सगळा जोर हरित शपथेच्या लिंका पाठवण्यात गेला, पोरांनी आज्ज्यांच्या नावानं पण शपथा घेतल्या.

गावाच्या वर: जिल्हा

गावाची ओळ पक्की झाल्यावरच इकडं जा. दोन कागद मागवायचे. पहिला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा, २००५ च्या कायद्यानं तो दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो, प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. त्यात आपल्या गावासमोर निवाऱ्याची जागा कुठली लिहिलीय ते बघा, तिथं जायचा रस्ता कितव्या फुटाला बंद होतो ते वहीतनं काढा, आणि जमत नसेल तर पर्यायी जागेसकट एप्रिलमध्येच लेखी द्या. जूनमध्ये कुणाला वेळ नसतो. जनावरांचा निवारा वेगळा लिहायला लावा, कारण आपली माणसं म्हशी सोडून हलत नाहीत, हे बोटीवाल्या जवानांना दरवेळी नव्यानं कळतं.

दुसरा जिल्हा पर्यावरण आराखडा. हरित लवादानं २०१९ मध्ये प्रत्येक जिल्ह्याला तो करायला लावला. कचरा, सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, हवा, खाणी, आवाज असं सगळं त्यात असतं. पंचगंगेकाठच्या गावांनी तो वाचलाच पाहिजे, कारण आपलं सांडपाणी नदीत जातं का नाही याचं उत्तर तिथं लिहिलेलं असतं आणि आपल्या नाल्यावर जाऊन ते खरं का खोटं बघता येतं.

कागद सरळ मिळाला नाही तर माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसात उत्तर. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर काहीच मिळत नाही. आराखड्याचं नाव, साल, आपल्या गावाचं पान, एवढंच मागा. आणि अर्ज हत्यारासारखा पहिल्याच दिवशी काढू नका, त्यानं माणसं बंद होतात. आधी दोनदा तोंडी, मग साधं पत्र, मग अर्ज.

मोठं काम असेल, म्हणजे ओढ्यावरचा पूल, नाला रुंदीकरण, तर ते जिल्हा नियोजन समितीत जातं. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर. तिथं आपल्याला कोण विचारत नाही, म्हणून मतदारसंघाच्या प्रतिनिधीमार्फत जा. फक्त निवेदन देऊन हारतुऱ्याचा फोटो काढू नका, सोबत ठरावाची नक्कल, तांत्रिक अंदाजपत्रक आणि वहीतल्या त्या दोन रकान्यांची झेरॉक्स लावा. आमच्या ओढ्याच्या पुलाच्या फाईलला मी झेरॉक्स लावली तेव्हा तिथल्या क्लार्कनं ती उलटी सुलटी करून बघितली आणि विचारलं, "हे डेअरीचा काटा म्हणजे काय?" सांगितलं त्याला. दहा मिनिटं बोललो. त्याचं गाव शिरोळ तालुक्यात निघालं, त्याच्याबी घरात पाणी होतं. पूल अजून झालेला नाही, फाईल चालू आहे, पण वहीची एक झेरॉक्स त्यानं स्वतःच्या गावासाठी म्हणून ठेवून घेतली.